डिकीत दोन पोती वाळू

मला गाडी चालवायला वडिलांनी शिकवलं आणि मारून शिकवलं. त्यांची दुधाची जीप होती. कात्रजच्या पलीकडच्या गावांतून भरलेले कॅन पुण्यात आणायचे आणि रिकामे कॅन घेऊन घाट चढून परत जायचं. कॉलेजच्या सुट्टीत परतीची गाडी माझ्या हातात असायची. शिक्षा ठरलेल्या होत्या. गिअर खरखरला की डोक्यात टप्पल, क्लच घाईने सोडला की पाठीत बुक्की, आणि चढावर गाडी मागे गेली की कानाखाली.

एकदा घाटातल्या वळणावर रस्त्याचं काम चालू होतं. सगळीकडे खडी पसरलेली. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, रबर जळल्याचा वास आला. वडिलांनी स्टिअरिंग घेतलं आणि ओरडले, "दगड लाव." मी उतरले, चाकामागे दगड लावला, पण लहान लावला. जीप त्याच्यावरून मागे आली आणि कठड्यावर आपटली. रिकामे कॅन उडाले, त्यातला एक माझ्या नडगीवर बसला. वडील उतरले. आधी त्यांनी जीपची मागची बाजू पाहिली, मग माझ्याकडे आले आणि मारलं. डाव्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती.

त्यानंतर त्यांनी अगदी शांतपणे समजावलं. जोर मागच्या चाकांना असतो. मागे वजन नसेल तर चाक रस्ता धरत नाही. रिकामी गाडी चढवायची असेल तर मागे वाळूची दोन पोती टाकायची. विसरायचं नाही.

मी विसरले नाही. मार खाऊन शिकलेली गोष्ट आपण विसरत नाही, आणि ती पुन्हा तपासूनही बघत नाही.

पुढे मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. संगणकाचं मला फारसं कळत नव्हतं, पण कामं लावून घेता यायची. तेव्हा दोन हजार साल जवळ आलं म्हणून संगणकातली दोन अंकी सालं चार अंकी करण्याचं काम जगभर निघालं होतं आणि पुण्याचे इंजिनिअर विमानं भरभरून बाहेर चालले होते. त्यांना पाठवायचं खातं माझ्याकडे आलं. तिकीट, व्हिसा, परकीय चलन, विमानतळाची गाडी, सगळं. पहिल्या चार जणांनी तिथे पोचल्यावर फोन करून इतके बावळट प्रश्न विचारले, की पाचव्याच्या आधी मी यादी केली. कुकरची जादा रिंग आणि शिट्टी. पासपोर्टच्या तीन प्रती, तीन वेगळ्या ठिकाणी. लोणचं विमानात हातातल्या बॅगेत नाही. थंडीसाठी आतले कपडे दोन जोड, लक्ष्मी रोडवरचे नकोत, तिथेच घ्या. यादी वाढत गेली. मी ती एका पानावर बसवत राहिले. एका पानाच्या पुढे कोणी वाचत नाही, असा माझा अनुभव होता आणि अजून आहे.

पद्धत अशी होती. निघण्याच्या आठवड्यात प्रत्येकाने माझ्या टेबलासमोर बसून प्रत्येक कलमापुढे खूण करायची, खाली सही करायची, आणि प्रत त्याच्या फाइलला लागायची. नंतर "मॅडम, हे सांगितलं नव्हतं" असं कोणी म्हणायचं नाही. कंपनीत तिला "मॅडमची यादी" म्हणायचे. त्यात थोडी टिंगल होती, पण पाळायचे सगळे.

गाडीचं कलम सगळ्यात उशिरा आलं. आमचे बरेच लोक अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका शहरात जायचे. तिथे चार महिने बर्फ असायचा आणि बस जवळपास नव्हतीच. चार जण मिळून जुनी गाडी घ्यायचे. कुठली घ्यायची हे मला विचारायचे, कारण यादी माझी. मी माझ्या परीने माहिती काढली. तिथून परत आलेल्या दोघांना समोरासमोर बसवलं. एकाने मागच्या चाकांवर चालणारी मोठी जुनी गाडी घेतली होती. ती घराच्या दारातून रस्त्यावर यायला अर्धा तास लावायची आणि चौकात स्वतःभोवती फिरायची. दुसऱ्याने पुढच्या चाकांची घेतली होती. इंजिनाचं वजन जोराच्या चाकांवरच असतं, म्हणून ती बरी निघायची. दोघांचं एकमत चारही चाकांना जोर असलेल्या गाडीवर झालं. फक्त ती जुन्यात महाग होती. दुसरा जाता जाता असंही म्हणाला, की चारही चाकांची गाडी निघते झकास, पण थांबताना सगळ्या गाड्या सारख्याच, तिथे टायर महत्त्वाचे. हे वाक्य लांब होतं. पानावर बसलं नाही, मी सोडून दिलं.

मी लिहिलं ते असं. बर्फासाठी गाडी : चारही चाकांची उत्तम. न मिळाल्यास पुढच्या चाकांची. मागच्या चाकांची टाळावी. आणि त्याखाली, कोणालाही न विचारता, स्वतःच्या जबाबदारीवर : डिकीत वाळूची दोन पोती ठेवावीत.

कुठल्या गाडीच्या डिकीत, ते लिहिलं नाही. गाडी म्हणजे गाडी, वजन म्हणजे पकड. माझ्या डोक्यात कात्रजचा घाट होता.

तोपर्यंत आमचं ऑफिस हिंजवडीला आलं होतं. इमारत अर्धी चालू, अर्धी बांधकामात. बाहेर खडीचे ढीग, आत वातानुकूलन. मागच्या बाजूला अजून न विकलेलं एक शेत होतं. त्या शेतमालकाचा पोरगा आमच्याकडे इंजिनिअर होता. गावात दहावीच्या पुढे इंग्रजीतून शिकलेला पहिला, आणि विमानात बसणाराही पहिलाच. हुशार होता. बोलताना शब्द नीट जुळवून घ्यायचा, घाईत मात्र गावचं बोलणं तोंडात यायचं आणि मग त्याचे कान लाल व्हायचे.

तो सहीला आला त्या दिवशी त्याच्या मागे आणखी तिघं उभे होते. एकेका कलमावर खूण करत तो गाडीपर्यंत आला आणि थांबला.

"मॅडम, एक इचारू का?"

"विचारा."

"आमी पुढच्या चाकांची गाडी बघितलीय. तिच्यात मागं वजन कशाला?"

"पकड यावी म्हणून."

"पण मग पुढचं हलकं व्हणार ना. आमच्या ट्रॅक्टरला ट्रॉलीत जादा ऊस भरला की तोंड उचलतं. स्टेरिंग नुसतं फिरवत बसायचं, ट्रॅक्टर आपला सरळ जातो."

त्याने हाताने ट्रॅक्टरचं तोंड कसं उचलतं ते दाखवलं. मागचे तिघं ऐकत होते. साडेबारा वाजले होते, मला चार फाइली जेवणाआधी संपवायच्या होत्या. मी मान वर न करता म्हणाले, "हिंजवडीत बर्फ पडतो का हो?"

मागचे हसले. त्यातला एक जरा जास्तच हसला.

"नाही मॅडम."

"मग सही करा."

त्याने खूण केली, सही केली. कान लाल झाले होते. मी पुढच्याला बसायला सांगितलं.

फोन आला तेव्हा मी कर्वेनगरला घरी पोळ्या करत होते. संध्याकाळचे सात, म्हणजे तिकडे सकाळ. तिथला आमचा मुख्य बोलत होता. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मुद्दे लिहून घेतले. बोटांना पीठ होतं, ते कागदाला लागलं. अपघात. काल सकाळी, दोघे गाडीत. दोघे जिवंत. चालवणारा शेतमालकाचा पोरगा, त्याचा डावा पाय वाईट. शेजारच्याचा जबडा आणि गळ्याचं हाड मोडलं.

काय झालं ते मला पुढे पोलिसांच्या कागदांवरून आणि त्याच्याच तोंडून कळलं. इथेच सांगते. रात्रभर गाडी बाहेर उभी होती. पोती ओलसर वाळूची, ती थंडीत गोठून दोन दगड झाली. सकाळी दोघे कामाला निघाले. उताराच्या तळाशी डावं वळण होतं. वेग फार नव्हता. त्याने स्टिअरिंग वळवलं, चाकं वळली, गाडी वळली नाही. तोंड हलकं, शेपूट जड. गाडी आधी सरळ गेली, मग मागून फिरली आणि डाव्या अंगाने बर्फ ढकलणाऱ्या ट्रकच्या लोखंडी पात्यावर गेली. पात्याने दार कापून आत ढकललं, दाराने त्याचा गुडघा आणि मांडी स्टिअरिंगच्या दांड्यावर चिरडली. गाडी थांबली, पण पोती थांबली नाहीत. एका पोत्याने मागच्या सीटची पाठ फोडली, दोन सीटच्या मधून पुढे येऊन शेजारच्याच्या मानेखाली बसलं आणि त्याचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं. दात काचेवर सापडले. त्यांना बाहेर काढायला पत्रा कापावा लागला. तोवर हा शुद्धीवर होता आणि मित्राला हाका मारत होता. मित्राला बोलता येत नव्हतं, जबडा लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे साहेब मोजकं बोलणारे. दार लावून घेतलं.

"क्लायंटला उत्तर द्यायचंय. चालकाचा निष्काळजीपणा, एवढंच लिहितोय."

"ते खरं आहे का?"

"अहो, गावाकडचा मुलगा. ट्रॅक्टरसारखी चालवली असेल." मग म्हणाले, "त्याच्या फाइलमध्ये तुमची यादी आहे?"

"आहे. सहीनिशी."

"ती काढा."

"काढून कुठे ठेवू?"

"ते मी काय सांगणार? आपण व्यवस्थित आहात, सुचेल तुम्हाला."

निष्काळजीपणा ठरला की काय होणार, ते मला साहेबांपेक्षा चांगलं माहीत होतं. व्हिसा मीच काढला होता. नोकरी जाणार, नोकरीवर अवलंबून असलेला विमा जाणार, तिथे राहायची परवानगी जाणार. पायावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तिसरी राहिली होती. ती झाली नाही तर पाय मांडीतून काढावा लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी फॅक्समध्ये स्वच्छ लिहिलं होतं. फॅक्स माझ्याच टेबलावर आला होता.

मी फाइल उघडली, कागद काढला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला. फाडला नाही. कोणाला दाखवलाही नाही. तीन दिवस तो पर्समध्ये होता. बसच्या पासाशेजारी.

त्या तीन दिवसांत त्याचे वडील रोज फाटकाशी आले. पांढरी टोपी, धुतलेले कपडे. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये होते, दुसऱ्या दिवशी बाहेरगावी, तिसऱ्या दिवशी पुन्हा मीटिंगमध्ये. मी काचेतून बघत होते. वॉचमन त्यांना "काका, उद्या या" म्हणायचा. ते निघून जायचे. दरम्यान इमारतीत गोष्ट फिरायला लागली होती की तो पिऊन चालवत होता. कोणी सुरू केली माहीत नाही. कंपनीच्या बसचे ड्रायव्हर सगळे गावातले, म्हणजे संध्याकाळी ती गोष्ट गावात पोचली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला ते गाडी घेऊन आले. रस्त्यासाठी जमीन गेल्यावर घेतलेली उंच, दणकट गाडी, पुढे लोखंडी गार्ड. बरोबर दोन भाऊबंद. फाटक चढाच्या टोकाला होतं आणि चढावर बांधकामाची खडी पसरली होती. वॉचमनने हात आडवा केला. गाडी थांबली नाही, पण चढलीही नाही. मागची चाकं खडीत फिरायला लागली. खडे गोळ्यांसारखे मागे उडाले, वॉचमनच्या खोलीची काच फुटली. सगळे त्या गाडीला फोर व्हील ड्राइव्ह समजायचे. होती मागच्या चाकांची.

त्यांनी डोकं बाहेर काढून भाऊबंदांना सांगितलं, "मागं बसा रं दोगं, पार मागं."

दोघे मागच्या दाराने आत शिरून बरोबर चाकांच्या वर बसले. चाकांनी रस्ता धरला. गाडी उसळून वर आली आणि फाटकावर आदळली. फाटक बिजागरीतून सुटून वॉचमनच्या हातावर पडलं. तो ओरडला ते मला आत ऐकू आलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माणसाची आधी आठवण झाली नाही. मला गाडी दिसली. जोर मागे, वजन मागे, आणि गाडी चढली. जोर पुढे असता आणि दोघे असेच मागे बसले असते तर ती तिथेच खडीत रुतून बसली असती. एका शेतकऱ्याला रागाच्या भरातही ते कळत होतं. त्याच्या मुलाला माझ्या टेबलापुढे बसून कळत होतं.

पुढचं सगळं पाच-सात मिनिटांत झालं. त्यांच्या हातात पहार होती. दर्शनी काचेवर पहिला घाव बसला तेव्हा नुसता आवाज झाला, दुसऱ्याला काच खाली आली. स्वागताची मुलगी टेबलाखाली गेली. इंजिनिअर जिन्यावर गोळा झाले आणि तिथेच थिजले. भाऊबंदांनी केबिनचं दार लाथेने उघडलं. साहेबांना त्यांनी टायला धरून ओढत आणलं, गुडघ्यांवर. साहेब काहीतरी इंग्रजीत म्हणाले. त्यावर एकाने त्यांच्या तोंडावर कोपर मारलं. नाकातून रक्त आलं, पांढऱ्या शर्टावर पसरलं.

"माजा पोरगा दारू पितो?" वडील विचारत होते. आवाज मोठा नव्हता. "कोन म्हनलं? तू म्हनला?"

"मी नाही म्हणालो."

"मग काय म्हनला तू? ल्हिलं काय तू?"

साहेबांनी बाहीने नाक पुसलं. पहार वर गेली. ती त्यांच्या डोक्यावर येणार होती की बाजूच्या टेबलावर, मला अजून ठरवता येत नाही.

मी उभी राहिले. "काका, त्याची चूक नव्हती. माझी होती."

ते वळले. मी पर्समधून कागद काढला. घड्या उलगडून टेबलावर ठेवला आणि सपाट केला.

"हे काय हाय?"

"मी दिलेल्या सूचना. यावर त्याची सही आहे. त्याने पोती ठेवली ती माझ्या सांगण्यावरून ठेवली. गाडी त्यामुळे वळली नाही."

"वाचा."

"इंग्रजीत आहे."

"मंग मराटीत वाचा."

काचांमध्ये उभी राहून मी अख्खं पान मराठीत वाचलं. कुकरच्या रिंगेपासून. त्यांनी कुठेही थांबवलं नाही. पोत्यांचं वाक्य आलं तेव्हा म्हणाले, "पुना." मी पुन्हा वाचलं.

"गाडी फुडच्या चाकाची व्हती?"

"हो."

"आन मागं पोती टाकायला लावली." ते भाऊबंदांकडे बघून म्हणाले, आणि मग माझ्याकडे. "त्याला समजलं न्हाय? ट्रॅक्टर हाकलाय त्यानं. त्यानं काय इचारलं न्हाय तुमाला?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. साक्षीला तिघं होते, पण त्यातले दोघे परदेशात आणि व्हिसा अडकलेला तिसरा जिन्यावर उभा होता, तो बोलला नसता.

"विचारलं होतं. ट्रॅक्टरचं उदाहरण दिलं होतं."

"मंग तुमी काय म्हनला?"

मी टेबलावरच्या कागदाकडे बघितलं.

"बाई, काय म्हनला तुमी?"

"मी म्हणाले, हिंजवडीत बर्फ पडतो का."

सगळं ऑफिस ऐकत होतं. कोणी हसलं नाही. त्यांचा हात वर आला. मी डोळे मिटले नाहीत, डोळे मिटले की जास्त लागतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. एक भाऊबंद म्हणाला, "दादा, बाईमानूस हाय." हात तसाच राहिला, मग त्यांनी पहार उचलली आणि माझ्या मागच्या, अजून शाबूत असलेल्या काचेच्या भिंतीत घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. भिंत माझ्या डोक्यावरून, खांद्यांवरून, ब्लाउजच्या आत, टेबलावर, फाइलींवर कोसळली.

"हा बगा, पडला," ते म्हणाले.

माझ्या कपाळातून रक्त येऊन पापणीवर थांबलं होतं. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, काच झटकली, घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. मग खुर्ची ओढून बसले आणि पोलीस येईपर्यंत हलले नाहीत. साहेब कोपऱ्यात नाकाला रुमाल लावून होते. कागद मागण्याची त्यांची हिंमत झाली नाही.

पंचनाम्यात हवालदाराने सगळं लिहून घेतलं. लोखंडी पहार एक. फुटलेली काच, अंदाजे इतकी. आरोपीच्या सदऱ्यात इंग्रजी मजकुराचा कागद एक, खाली सही. साहेब म्हणाले, तो कंपनीचा अंतर्गत कागद आहे, परत द्या. हवालदार म्हणाले, "आता तो आमचा अंतर्गत आहे."

त्यामुळे निष्काळजीपणाचं पत्र गेलं नाही. ज्या कागदाची पोलिसांकडे नोंद आहे, तो नव्हताच असं कंपनीला लिहिता येईना. नोकरी राहिली, विमा राहिला, तिसरी शस्त्रक्रिया झाली. पाय राहिला. गुडघा मात्र कायमचा ताठ झाला.

हे मी केलं असं मला म्हणता येत नाही. त्यांनी काच फोडली नसती तर तो कागद पर्समध्ये किती दिवस राहिला असता, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. उत्तर चांगलं नाही.

त्याची किंमत मात्र वेगळ्याच माणसांनी दिली. वॉचमनचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. तो विदर्भातून आलेला, इथे त्याचं कोणी नव्हतं. ज्या हाताने "काका, उद्या या" म्हणून सलाम करायचा तो हात नीट जुळला नाही. त्याला भेटायला मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पहिल्याच दिवशी बाहेर येऊन हे सांगितलं असतं तर?" मी तिसऱ्यांदा गेले नाही. इंजिनिअरचे वडील अकरा दिवस कोठडीत होते, पुढे बरीच वर्षं तारखा चालल्या.

साहेबांनी मला विचारलं, "आपण कागद काढला होता ना?"

"काढला होता. कुठे ठेवायचा ते आपण सांगितलं नव्हतंत."

माझं खातं बदललं. मला बसचं काम दिलं. कुठली बस कुठून किती वाजता, कुणी कुठे चढायचं. ते मी पुढे बरीच वर्षं केलं आणि चांगलं केलं. यादी दुसऱ्या कोणाकडे तरी गेली. पण गाडीचं कलम मी घरी बसून पुन्हा लिहिलं आणि त्या माणसाच्या टेबलावर ठेवून आले. या वेळी अख्खं पान त्यालाच दिलं. आधी बर्फाचे चार टायर, मग गाडीचा विचार. चारही चाकांना जोर असला तर गाडी निघेल आणि चढेल, पण त्या जोराने ती लवकर थांबत नाही, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवून वेग वाढवू नये. पुढच्या चाकांची गाडी साध्या माणसाला पुरते, तिच्या डिकीत काही ठेवू नये. मागच्या चाकांचीच घ्यावी लागली तर वजन मागच्या चाकांच्या बरोबर वर, बांधून. सुटं कधीही नाही. घसरली तर ब्रेकवर उभं राहू नये. आणि शेवटी : शंका असल्यास विचारावी, उत्तर समजेपर्यंत सही करू नये.

शेतमालकाचा पोरगा परत आला तो साडेआठ महिन्यांनी, काठी घेऊन. पायाच्या व्यायामासाठी रोज सकाळी कर्वेनगरला एका डॉक्टरांकडे जायचं होतं आणि तिथूनच ऑफिसला यायचं होतं. म्हणजे कर्वेनगरची बस, म्हणजे माझी बस. तो माझ्या टेबलाशी आला. बसा म्हटलं तर बसला नाही. बसायला त्याला वेळ लागायचा.

"पाय सरळ ठेवता येईल अशी सीट हवी."

"दाराजवळची पहिली देते."

"खिडकीची नको."

"बरं."

मी नोंद केली. तो गेला नाही.

"दवाखान्यात मी तुम्हाला रोज मारलं, मॅडम," तो म्हणाला. आता त्याचं बोलणं स्वच्छ झालं होतं, एकही शब्द गावचा येत नव्हता. "म्हणजे मनात. ड्रेसिंग बदलायचे तेव्हा. आठ महिने. कधी जॅकच्या रॉडने, कधी नुसत्या हाताने. नर्स विचारायची, दुखत असताना तू कसला विचार करतोस? मी सांगायचो, घरचा."

मी पेन खाली ठेवलं.

"वडलांनी तुमच्यावर हात उचलला आणि थांबले, हे मला चुलत्याने सांगितलं. मला ते आवडलं नाही."

"थांबले ते?"

"हो."

"अजून मारता?"

त्याने खरोखर विचार केला. "अजून. पण आता रोज नाही." मग म्हणाला, "आणि ती पोती मीही टाकून देऊ शकलो असतो. मला माहीत होतं. दोन-तीनदा डिकी उघडून बघितली. मग वाटलं, एवढी शिकलेली माणसं सांगतात. माझं ते आपलं ट्रॅक्टरचं." तो काठीवर भार देऊन वळला. "ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. वडलांना तर नाहीच. तुम्हीही सांगू नका."

"नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला तो कर्वेनगरच्या थांब्यावर उभा होता. बस आली. मी त्याच्या मागे होते. पायरी उंच होती, ताठ पाय वर येत नव्हता. दोन्ही हातांनी दांडा धरून तो अंग वर ओढत होता. मागे रांग थांबली होती, कोणीतरी घड्याळ बघून च्यक केलं. मी हात पुढे केला. त्याने मागे न बघता काठीच्या टोकाने तो बाजूला सारला, जोरात, मनगटावर लागला. मग तो चढला, बसला आणि पाय सरळ केला. मी त्याच्या पायावरून काळजीपूर्वक पलीकडे गेले आणि मागच्या सीटवर बसले.